बुडणे आणि बुडवणे

मराठीत ‘बुडणे’ आणि ‘बुडवणे’ ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. होडी बुडते तेव्हा होडीच कर्ता असते, दुसऱ्या कुणाचे नाव घ्यावे लागत नाही. ‘बुडवली’ म्हटले की मात्र कोणी, हा प्रश्न लगेच पुढे येतो. शहरांचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा पहिले क्रियापद वापरून मोकळे होतो. शहर बुडाले, ओसाड पडले, काळाच्या उदरात गडप झाले. कोणाच्या हातून, हे विचारायचे राहून जाते.

चीनच्या हेनान प्रांतातले कायफंग हे या सवयीचे फार मोठे उदाहरण आहे. या शहराच्या जमिनीखाली एकावर एक अशी सहा शहरे आहेत. सर्वांत खाली इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातली वेई राज्याची राजधानी दालिआंग. तिच्यावर तांग काळातले बिआनझौ, त्यावर सोंग सम्राटांची राजधानी, मग जिन, मिंग आणि छिंग काळातले कायफंग. १९८१ मध्ये शहरातल्या तलावाचा गाळ उपसताना मिंग काळातल्या राजवाड्याचे अवशेष लागले आणि खाली काय दडले आहे याची कल्पना येऊ लागली. मिंग काळातले शहर पाच-सहा मीटर खाली आहे, सोंगांचे साधारण आठ मीटर खाली, आणि दालिआंग त्याहूनही खोल. या सगळ्याचे जे स्पष्टीकरण दिले जाते ते आपण शाळेच्या भूगोलात पाठ केले आहे: होआंग हो, म्हणजे पिवळी नदी, म्हणजे ‘चीनचे अश्रू’. नदीला पूर आले, गाळ साचला, शहर बुडाले.

हे अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्याकडे काणाडोळा करणे हा मेलेल्यांवरचा दुसरा अन्याय आहे, असे मला वाटते. कायफंगच्या सर्वांत मोठ्या जलप्रलयांमागे माणसाचा हुकूम होता. बांध फोडण्याचा निर्णय कुणीतरी घेतला, कुदळी कुणीतरी चालवल्या आणि पाणी तिसऱ्याच कुणाच्या घरात शिरले.

पण आधी हे सांगायला हवे की बुडवले ते काय होते.

तांग सम्राटांची राजधानी चांगआन जगातल्या भव्य शहरांपैकी एक होती, पण ती कुलूपबंद होती. शंभराहून अधिक चौकोनी वस्त्या, प्रत्येकीभोवती भिंत, संध्याकाळी नगाऱ्याचे ठोके पडले की वेशी बंद. बाजारहाट करायची तर पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या नेमून दिलेल्या बाजारात, तीही दिवसाउजेडी. रात्री रस्त्यावर सापडणारा माणूस गुन्हेगार ठरे. ९६० मध्ये झाओ क्वांगयिन या सेनापतीने सोंग घराण्याची स्थापना केली आणि कायफंगला राजधानी ठेवली. पाचच वर्षांनी, ९६५ मध्ये त्याने एक साधा हुकूम काढला: राजधानीतला रात्रीचा बाजार तिसऱ्या प्रहराच्या ठोक्यापर्यंत, म्हणजे मध्यरात्रीपर्यंत, कुणी बंद पाडायचा नाही. चीनच्या नागरी इतिहासात या एका ओळीच्या हुकमाचे मोल एखाद्या मोठ्या विजयाहून कमी नाही, असे मी मानतो. वस्त्यांच्या भिंती हळूहळू निरुपयोगी झाल्या. घरांनी रस्त्याकडे तोंड केले, ओटीवर दुकान आले, आणि शहराची रात्र लोकांच्या मालकीची झाली.

या शहराचे वर्णन करणारा मंग युआनलाओ हा कुणी मोठा असामी नव्हता. ११०३ मध्ये तो लहान वयात कायफंगला आला, शहर पडल्यावर दक्षिणेला पळाला, आणि ११४७ मध्ये आठवणीतून त्या शहराचे पुस्तक सिद्ध केले. त्याला राजवाड्याइतकीच खाण्याच्या टपऱ्यांची आठवण येते. रात्रीचा बाजार तिसऱ्या प्रहरी उठायचा आणि पाचव्या प्रहरी दुकाने पुन्हा उघडायची. शहरात कापायची डुकरे नान्शुन वेशीतून आत येत. ही वेस थेट राजवाड्यासमोर पडत असल्याने सामान्य माणसाची प्रेतयात्रा तिच्यातून नेता येत नसे, पण संध्याकाळपासून डुकरांचे कळप मात्र येत राहत. एकेका कळपात दहा हजारांपर्यंत डुकरे आणि हाकणारे दहाबारा जण, तरी एकही इकडेतिकडे उधळत नसे, असे तो लिहितो. दर तीनशे पावलांवर गस्तीची चौकी आणि पाच शिपाई. उंच जागी विटांचे बुरूज, त्यांवर आग लागते का हे पाहणारा माणूस, खाली बादल्या, शिड्या आणि आकड्या तयार. दहा लाखांच्या घरातली वस्ती सांभाळायची तर अशीच तजवीज लागते.

झांग झेदुआन या चित्रकाराचे लांबलचक पटचित्र याच शहराचे मानले जाते. उंची पाव मीटरही नाही आणि लांबी सव्वापाच मीटर. त्याच्या मध्यावर लाकडी कमानीचा पूल आहे. पुलाखालून जाणाऱ्या मोठ्या नावेची डोलकाठी अजून पुरती खाली आलेली नाही. नावाडी बांबूंनी रेटा देत आहेत, छपरावरचे हातवारे करून ओरडत आहेत, पुलावरची माणसे कठड्यावरून वाकून खाली बघत आहेत, कुणी दोर टाकतो आहे. पुलावर दोन्ही बाजूंनी छत्र्या आणि चटयांचे आडोसे लावून विक्रेते बसलेले. वाट इतकी अरुंद झाली आहे की समोरासमोर आलेल्या पालखीला आणि घोडेस्वाराला एकमेकांतून निघता येत नाही.

म्हणजे अतिक्रमण होतेच. १००२ मध्ये श्ये दछ्वान नावाच्या अधिकाऱ्याला रस्ते मोकळे करण्याचे काम दिले, तेव्हा त्याने पहिला हातोडा बड्या सरदारांच्या इमारतींवर चालवला. आरडाओरडा झाला, पण तो हटला नाही. पुढे मात्र दुकाने परत पुढे सरकली आणि अखेर सरकारने रस्त्यावर आलेल्या जागेवर करच बसवला. सरकार आणि रस्ता यांची ही ओढाताण दीडशे वर्षे चालली, आणि तिच्यात रस्त्याचे पारडे एकूण जड राहिले.

या शहराचा आपल्याशी असलेला धागाही सांगायला हवा. ९८२ मध्ये सम्राटाने कायफंगात बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरासाठी एक संस्था उभारली. तिथे संस्कृत पोथ्या पुढ्यात घेऊन बसलेल्या पंडितांत नालंदेहून आलेला धर्मदेव होता, उड्डियानचा दानपाल होता. अकराव्या शतकातल्या एका भिक्षूच्या टिपणांत वेगळीच नोंद आहे: झेनझोंग सम्राटाने चंपा देशातून अवर्षणात तगणारा भात आणवला, आणि हिंदुस्थानातून मूग. मुगाचे बी अवघी दोन मापे आले होते. ग्रंथांइतकेच मला या दोन मापांचे अगत्य वाटते.

आता नदीकडे. ही राजधानी सपाट मैदानावर होती. डोंगर नाही, खिंड नाही, आडोसा नाही. झाओ क्वांगयिनला ते कळत होते. ९७६ मध्ये त्याने राजधानी पश्चिमेला लोयांगला हलवण्याची इच्छा बोलून दाखवली, पण भावाने आणि मंत्र्यांनी ती मोडून काढली. कारण अन्न. दक्षिणेच्या भातखाचरांतून बिआन कालव्याने वर्षाला साठ लाख माप धान्य कायफंगच्या धक्क्यांना लागत असे, आणि लाखोंच्या फौजेचे पोट त्यावर होते. हा कालवा पिवळ्या नदीचे पाणी घेऊन वाहायचा. त्या पाण्यात पिवळ्या मातीच्या पठारावरून आलेला गाळ असायचा, म्हणून दरवर्षी उपसणी लागे. विद्वान अधिकारी शेन क्वो याने १०७२ मध्ये कालव्याची मोजणी केली. वीस वर्षे उपसणी धड झाली नव्हती, आणि राजधानीच्या पूर्वेला कालव्याचा तळ बांधाबाहेरच्या जमिनीपेक्षा बारा फुटांहून वर आला होता. बांधावर उभे राहिले की खालची घरे दरीत असल्यासारखी दिसतात, असे त्याने नोंदवले आहे. गाळ निसर्ग आणतो. तो न उपसणे हा मात्र कारभार असतो.

याहून कठोर गोष्ट पुढे आहे. सोंग काळात मूळ नदी कायफंगच्या बरीच उत्तरेला वाहत होती. १०४८ मध्ये तिने उत्तरेचा काठ फोडला आणि ती हपेईच्या मैदानात शिरली. लाखो माणसे मेली किंवा देशोधडीला लागली. नदीने उत्तरेला फुटणे राजधानीच्या सोयीचे आहे, हा हिशेब दरबारात होता. दक्षिणेचा काठ जपला जात होता आणि नदी परत वळवण्याबद्दलचे वाद दशकानुदशके चालले होते. त्या पटचित्रातली चैतन्याने रसरसलेली पेठ काही प्रमाणात हपेईच्या शेतकऱ्यांच्या जिवावर उभी होती. कायफंगबद्दल माझ्या मनात जे प्रेम आहे, त्याला हे टोचते, आणि टोचलेच पाहिजे.

बाराव्या शतकाच्या सुरुवातीला गादीवर असलेला हुइझोंग हा चित्रकार सम्राट होता. त्याने राजधानीत कृत्रिम डोंगर रचला. त्यासाठी दक्षिणेतून चमत्कारिक आकाराचे प्रचंड दगड कालव्याने आणले. आड येणारे पूल पाडले, धान्याच्या नावा दगडांच्या कामाला लावल्या. ११२२ मध्ये डोंगर पुरा झाला. चारच वर्षांनी उत्तरेतल्या जुर्चेनांनी, म्हणजे जिन राज्याच्या फौजांनी, शहराला वेढा घातला. थंडीत कुडकुडणाऱ्या लोकांनी त्या उद्यानातली झाडे सरपणासाठी तोडली, आणि ते कौतुकाचे दगड यंत्रांतून शत्रूवर भिरकावले गेले. ११२७ मध्ये शहर पडले. हुइझोंग, गादीवर बसवलेला त्याचा मुलगा आणि राजघराण्यातली तीन हजारांवर माणसे उत्तरेला कैदेत नेली.

इथवर नदीचा संबंध नाही. तो येतो पुढच्या वर्षी. ११२८ च्या हिवाळ्यात जिन फौजा पुन्हा येत असताना कायफंगचा रक्षक म्हणून नेमलेल्या दू छोंगने पिवळ्या नदीचा बांध फोडायला लावला. शत्रू थांबला नाही. नदी मात्र आपले पात्र सोडून आग्नेयेला वळली, हुआई नदीच्या खोऱ्यात शिरली, आणि १८५५ पर्यंत, म्हणजे सातशेहून अधिक वर्षे, या ना त्या फाट्याने दक्षिणेकडेच वाहत राहिली. दूर असलेली नदी त्यानंतर सरकत सरकत कायफंगच्या दाराशी आली. पुढच्या सगळ्या पुरांची कहाणी या एका कुदळकामापासून सुरू होते. ‘नदीने शहर बुडवले’ म्हणणाऱ्याने नदी तिथे आणली कोणी, हे आधी सांगावे.

दू छोंगपुढे उदाहरण होते. इसवी सनापूर्वी २२५ मध्ये छिनच्या वांग बेन या सेनापतीने दालिआंगवर नदीचे पाणी सोडले होते. तीन महिन्यांनी मातीची तटबंदी ढासळली आणि वेईचा राजा शरण आला. १२३४ मध्ये मंगोलांनी कायफंग परत घेऊ पाहणाऱ्या सोंग सैन्यावर शहराच्या उत्तरेचा बांध फोडला. पाणी हे हत्यार आहे, ही समजूत राज्यकर्त्यांत एकदा रुजली की राजवट कोणाची याने फरक पडत नाही.

सर्वांत भीषण वर्ष १६४२. बंडखोर ली झिचंगने कायफंगला महिनोन्महिने वेढा घातला होता. शहरात अन्न संपले, माणसे चामडे आणि पाणवनस्पती खाऊ लागली. शेवटी बांध फुटले. मिंग अधिकाऱ्यांना बंडखोरांची छावणी बुडवायची होती, बंडखोरांना शहर. दोन्ही बाजूंनी दुसऱ्यावर ठपका ठेवला. पाणी वेशीतून आत आले आणि ज्या तटाने शहराला वेढ्यात वाचवले होते, त्यानेच ते पाणी आत कोंडून धरले. तीन-पावणेचार लाखांच्या शहरातली बहुसंख्य माणसे भुकेने आणि पाण्याने गेली. राजपुत्र आणि वरिष्ठ अधिकारी होड्यांतून बाहेर पडले.

त्या पाण्यात एक छोटे प्रार्थनागृह होते. कायफंगात ज्यूंची वस्ती होती. त्यांच्या १४८९ च्या शिलालेखात पूर्वज हिंदुस्थानातून आले आणि त्यांनी सोंग सम्राटाला पश्चिमेचे कापड नजर केले, असे म्हटले आहे. ११६३ मध्ये त्यांनी प्रार्थनागृह बांधले होते. १६४२ च्या पुरानंतर वाचलेल्यांनी चिखलातून धर्मग्रंथांच्या भिजलेल्या गुंडाळ्या काढल्या, वाळवल्या, तुकडे जुळवले, आणि १६६३ पर्यंत प्रार्थनागृह परत उभे केले. पूर कोणत्या सेनापतीच्या डावपेचाचा भाग होता, हे त्या चामड्याच्या तुकड्यांवर कुठे लिहिलेले नाही. तुकडे जुळवणाऱ्यांना त्याचा काही उपयोगही नव्हता.

कुणी म्हणेल, ही तीनचारशे वर्षांपूर्वीची रीत झाली. जून १९३८ मध्ये जपानी सैन्याने कायफंग घेतले आणि ते पश्चिमेकडे निघाले. चँग कै शेकच्या सरकारने झेंगझौजवळ हुआयुआनखौ येथे बांध फोडला. नदी हेनान, आन्हुई आणि जिआंगसू या तीन प्रांतांवर पसरली. मृतांचे अंदाज पाच लाखांपासून नऊ लाखांपर्यंत जातात. ‘जपानी विमानांच्या बाँबने बांध फुटला’ असे सरकारने जाहीर केले. फोड बुजायला १९४७ उजाडले. हे सगळे वुहान वाचवण्यासाठी, निदान वेळ काढण्यासाठी होते. त्याच शरदात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि त्यांचे चार भारतीय सहकारी वैद्यकीय मदतीसाठी वुहानला पोचले. ऑक्टोबर संपण्याआधी ते शहरही पडले.

लष्करी गरजेचा युक्तिवाद मी हलका मानत नाही. जपानी आक्रमणाचे क्रौर्य नानकिंगमध्ये जगाने पाहिले होते, आणि बचावाची साधने थोडी होती. पण ज्यांना बुडवायचे त्यांना आधी कळवायचे नाही आणि नंतर खोटे सांगायचे, याला कोणती लष्करी गरज होती? दुसरा आक्षेप गाळाचा. नदी माणसाशिवायही फुटलीच असती, आणि मधल्या शतकांत अनेकदा आपसूक फुटलीही, हे मान्य. पण १८४१ आठवा. त्या वर्षी कुणीही शत्रूसाठी बांध फोडला नव्हता. नदी आपणहून फुटली आणि तिने कायफंगला आठ महिने वेढून ठेवले. लोकांनी हाताला लागेल ते टाकून तट सावरला. अफूच्या प्रकरणात हद्दपारीची शिक्षा झालेल्या लिन झशू या अधिकाऱ्याला वाटेत थांबवून बांधाच्या कामावर आणले गेले. शहर टिकले. कामगिरी संपल्यावर लिनला उरलेली हद्दपारी भोगायला पाठवले, ते वेगळेच. केवळ नदी आली तेव्हा शहर झगडून उभे राहिले. नदी आणि हुकूम एकत्र आले, तेव्हा ते गेले.

आणि तरी माणसे परतली. आजचा झोंगशान रस्ता सोंगांच्या राजमार्गाच्या बरोबर वर आहे. खाली जिन, मिंग आणि छिंग काळातला रस्ताही त्याच रेषेत. २०१८ पासून झालेल्या उत्खननात या रस्त्यावरचा झोउ पूल उघडा झाला. त्याच्या बाजूच्या सोंगकालीन दगडी भिंतींवर, माणसाच्या दुप्पट उंचीच्या जवळपास, समुद्रअश्व, क्रौंच आणि ढग कोरलेले आहेत. हा पूल १६४२ च्या गाळात बुजला होता. नदी आज शहराच्या उत्तरेला दहाएक किलोमीटरवर, बांधांच्या मध्ये, शहराच्या जमिनीपेक्षा कित्येक मीटर वरून वाहते.

कायफंगच्या संग्रहालयात एक उंच शिळा आहे. ९६० पासून ११०५ पर्यंत शहराचा कारभार पाहिलेल्या १८३ अधिकाऱ्यांची नावे तिच्यावर कोरलेली आहेत. त्यांत एक बाओ झंग, ज्याच्या न्यायाच्या कथा चीनमध्ये आजही रंगमंचावर होतात. १०५७ मध्ये तो या पदावर आला. त्याने मधले कारकून बाजूला सारून फिर्यादीला थेट समोर येऊ दिले. त्याच सुमारास शहरात पाणी भरले. पाऊस जोराचा झाला, असे म्हणून बाओ झंगला गप्प बसता आले असते. त्याने हुइमिन नदीचे पात्र कुठे तुंबले ते पाहिले. दरबारातल्या बड्या लोकांनी पात्रात बागा आणि मंडप उभारले होते. त्याने ते सगळे पाडले. काहींनी जमिनीचे कागद पुढे केले, तेव्हा त्याने जागा मोजून खाडाखोड पकडली आणि वर कळवली.

शिळेवरचे त्याचे नाव आता वाचता येत नाही. शतकानुशतके येणाऱ्या लोकांनी ‘हाच तो’ म्हणून त्यावर बोट ठेवले, आणि दगड झिजून तिथे खळगा पडला आहे. आजूबाजूची नावे मात्र स्पष्ट दिसतात. दू छोंगचे नाव तिथे शोधून उपयोग नाही. ती यादी त्याच्या तेवीस वर्षे आधीच संपते.